भाग ६ : सगळ्यांना बाहेर कसे काढायचे? जुन्या ॲक्सेस प्रोग्रामची देखभाल

दुर्ग-भिलईच्या बोरसीहून मी पुन्हा एकदा तुमच्यासमोर आले आहे. मागच्या भागात आपण ॲक्सेसच्या एका फाइलच्या दोन फाइली कशा करायच्या ते पाहिले. नोंदी ठेवणारी मागची फाइल सर्व्हरवर आणि फॉर्म, रिपोर्ट असलेली पुढची फाइल प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर. ज्यांनी हे करून पाहिले असेल, त्यांच्यापुढे आता दुसरा प्रश्न उभा राहिला असणार. मागची फाइल दुरुस्त करायला घेतली की ॲक्सेस सांगतो, ही फाइल दुसरे कोणीतरी वापरते आहे. कोण, ते सांगत नाही. ऑफिसात सहा टेबले आहेत, दोघे जेवायला गेले आहेत, एक बँकेत गेला आहे आणि त्या तिघांचे प्रोग्राम उघडेच आहेत. आता काय करायचे?

आमच्या भिलईत 'शटडाउन घेणे' हा शब्द कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधीपासून घरोघरी माहीत आहे. पोलाद कारखान्यातली पहिली धमनभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि तेव्हापासून ज्या घरातला माणूस देखभाल खात्यात आहे, त्या घरात हा शब्द चहासोबत ऐकू येतो. अशा कारखान्यांत कोणतेही यंत्र दुरुस्तीला घेताना नुसते बटण बंद करून भागत नाही. आधी सांगायचे, मग लेखी परवानगी घ्यायची, स्विचवर कुलूप आणि पाटी लावायची, आत कोणी राहिले नाही ना ते पाहायचे, आणि मगच पाना हातात घ्यायचा. आपल्या छोट्याशा डेटाबेसला हाच क्रम लागू होतो. फरक इतकाच, की इथे माणसाच्या जिवाला धोका नसतो. त्याच्या कामाला आणि कधीकधी त्याच्या नावाला असतो. ते कसे, ते पुढे सांगते.

फाइल एकटीच का हवी?

ॲक्सेसमध्ये नोंद पुसली तरी फाइलचा आकार कमी होत नाही. पुसलेल्या नोंदीची जागा फाइलमध्ये रिकामी पडून राहते. रोज नोंदी, दुरुस्त्या, तात्पुरती टेबले असे चालले की फाइल फुगत जाते. ॲक्सेसच्या एका फाइलची मर्यादा २ जीबी आहे. तिथे पोचलात की नवी नोंद घेणेच बंद. त्याच्या बऱ्याच आधीपासून शोध मंदावतो, रिपोर्टला वेळ लागतो.

यावर उपाय म्हणजे 'काँपॅक्ट अँड रिपेअर'. यात ॲक्सेस जुन्या फाइलमधला सगळा माल नव्या फाइलमध्ये ओळीने लावून घेतो, रिकाम्या जागा गाळतो, इंडेक्स नव्याने बांधतो आणि नवी फाइल जुनीच्या जागी ठेवतो. गोदाम रिकामे करून पोती पुन्हा रचण्यासारखेच हे काम आहे. ते चालू असताना कोणी येऊन एक पोते उचलले किंवा ठेवले, तर मोजणी चुकणार. म्हणून ॲक्सेस ती फाइल पूर्ण एकट्याला मागतो. टेबलात नवा रकाना घालायचा असेल किंवा रकान्याचा प्रकार बदलायचा असेल, तरी तीच अट.

तार ओढली की काय होते

इथे कोणीतरी म्हणेल, एवढा विचार कशाला? सर्व्हरची नेटवर्कची तार काढा, सगळे आपोआप बाहेर.

असे करू नका. कारण समजून घ्या. ॲक्सेसमध्ये सर्व्हर म्हणजे फक्त कपाट. नोंद लिहिण्याचे काम सर्व्हर करत नाही, प्रत्येकाच्या कॉम्प्युटरमधले इंजिन करते. जुन्या आवृत्त्यांत त्याला जेट म्हणतात, २००७ पासूनच्या आवृत्त्यांत एसीई. हे इंजिन फाइलची पाने उचलते आणि परत ठेवते. ॲक्सेस २००० पासून एक पान ४ केबीचे असते. तुमची एक पावती म्हणजे एक पान नव्हे. नोंदीचे पान वेगळे, क्रमांकाच्या इंडेक्सचे वेगळे, तारखेच्या इंडेक्सचे वेगळे. त्यातले एक लिहून झाले आणि दुसरे लिहिण्याआधी तार निघाली, तर फाइलमध्ये दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. पुढच्या वेळी फाइल उघडताना ॲक्सेस दुरुस्ती सुचवतो, आणि दुरुस्तीत जे जुळत नाही ते टाकून देऊ शकतो.

एका पतसंस्थेत हे मी पाहिले आहे. संस्थेचे नाव सांगत नाही. बाहेरून आलेल्या तंत्रज्ञाने दुपारी चार वाजता घाईत नेटवर्कचा स्विच बंद केला. खिडकीवरच्या ताईंनी त्याच क्षणी एका सभासदाची रक्कम घेतली होती. पावती छापून त्याच्या हातात गेली होती. फाइल दुरुस्त झाली, पण ती नोंद त्यात नव्हती. संध्याकाळी रोकड जास्त भरली, म्हणून त्या दिवशी निभावले. पण मग प्रश्न आला, की याआधीही असे झाले असेल का? पुढचे तीन दिवस ताई पावत्यांच्या कार्बन प्रती आणि रजिस्टर घेऊन बसल्या होत्या. सगळे शेवटी जुळले. मधल्या काळात त्यांच्याकडे लोक कसे पाहत होते, ते मात्र कुठल्याही रजिस्टरात लिहिलेले नाही. तार ओढणारा दुसऱ्याच दिवशी विसरून गेला होता.

म्हणून मी या कामाची पहिली अट अशी ठेवते : ज्याला बाहेर काढायचे, त्याच्या कामाचे काय झाले हे त्याला कळलेच पाहिजे.

आत कोण आहे?

मागच्या फाइलच्या शेजारी, त्याच नावाची आणखी एक छोटी फाइल दिसते. जुन्या फाइलींसाठी तिचे एक्स्टेंशन एलडीबी, नव्यांसाठी एलएसीसीडीबी. ही लॉक फाइल. पहिला माणूस आत आला की ती तयार होते, शेवटचा बाहेर पडला की पुसली जाते. तिच्यात प्रत्येकासाठी ६४ बाइटची जागा असते : ३२ कॉम्प्युटरच्या नावाला, ३२ लॉगिनच्या नावाला. लॉगिनच्या जागी बहुतेक वेळा सगळ्यांचे 'ॲडमिन' असेच असते, त्यामुळे कामाचे नाव कॉम्प्युटरचेच. एका फाइलवर एकाच वेळी २५५ पर्यंत लोक येऊ शकतात, म्हणून ही फाइल कधी फार मोठी होत नाही.

ती नोटपॅडमध्ये उघडून नावे वाचता येतात, पण त्यावर पूर्ण विसंबू नका. माणूस बाहेर पडला तरी त्याचे नाव तिथून लगेच पुसले जात नाही. ती जागा नंतर कोणी वापरेपर्यंत नाव राहते. म्हणजे यादीत दिसणारा माणूस तासाभरापूर्वी घरी गेलेला असू शकतो. खरी यादी हवी असेल तर एडीओमधल्या 'ओपनस्कीमा' या सोयीने वापरकर्त्यांची यादी मागता येते. तिच्यात कॉम्प्युटरचे नाव, तो आत्ता जोडलेला आहे की नाही, आणि तो अर्धवट तुटून गेला असल्याचा संशय आहे का, हेही येते.

एक साधी परीक्षाही आहे. लॉक फाइल पुसून पाहा. विंडोज नाही म्हणाले, तर आत कोणीतरी आहे. मुकाट्याने पुसली गेली, तर आत कोणी नव्हते आणि ती आधीच्या एखाद्या बिघाडात मागे राहिली होती.

आणि कृपा करून कॉम्प्युटरांना नीट नावे द्या. दुकानातून आलेले आकड्या-अक्षरांचे नाव यादीत दिसून काय उपयोग? 'रोखपाल', 'कर्ज', 'मॅनेजर' अशी नावे असली की कोणत्या टेबलाशी जायचे ते लगेच कळते.

दार बंद, मग निरोप, मग वेळ

आता मुख्य पद्धत. हिचे तीन भाग आहेत.

पहिला भाग : खुणेची फाइल. सर्व्हरच्या त्याच फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवायची. पहिल्या ओळीत किती मिनिटांनी बंद होणार, दुसऱ्या ओळीत कारण. ही फाइल असली तर 'देखभाल आहे', नसली तर 'काम चालू द्या'. काही जण उलटे करतात : फाइल असली तर काम चालू, दिसेनाशी झाली की सगळे बाहेर. मला ते पटत नाही. नेटवर्क क्षणभर अडखळले तरी फाइल दिसत नाही, आणि विनाकारण सगळे ऑफिस बाहेर पडते. खूण दिसली तरच कृती, हे बरे. ही खूण मागच्या फाइलमधल्या टेबलातही ठेवता येते, पण टेक्स्ट फाइल बदलायला ॲक्सेस उघडावा लागत नाही.

दुसरा भाग : दार. प्रोग्राम सुरू होताना पहिलाच फॉर्म ही खूण पाहतो. खूण असेल तर आत घेत नाही, नम्रपणे सांगून बंद होतो. हे विसरले तर गंमत होते. तुम्ही पाच जणांना बाहेर काढता, आणि पहिला माणूस 'बंद कसा पडला?' म्हणत पुन्हा आत येतो.

तिसरा भाग : लपलेला फॉर्म. प्रोग्राम सुरू झाला की एक अदृश्य फॉर्म उघडून ठेवायचा आणि त्याचा 'टायमर इंटरव्हल' ६०००० करायचा. हा आकडा मिलिसेकंदांत असतो, म्हणजे एक मिनिट. दर मिनिटाला तो खूण पाहतो. सापडली की मिनिटे मोजू लागतो आणि सूचना दाखवतो. वेळ संपली की प्रोग्राम बंद करतो. बंद होण्याची वेळ घड्याळात लिहिण्यापेक्षा उरलेली मिनिटे लिहा. सहा कॉम्प्युटरांची सहा घड्याळे असतात. सगळ्यांना खूण एका मिनिटाच्या आत दिसते, तिथून मोजणी जवळपास सारखीच होते.

सूचना मेसेज बॉक्समध्ये दाखवू नका. मेसेज बॉक्स आला की कोड त्या ओळीवर थांबतो, कोणी 'ओके' दाबेपर्यंत. आणि आपल्याला नेमका तोच माणूस बाहेर काढायचा आहे जो जेवायला गेला आहे! सूचनेसाठी साधा छोटा फॉर्म करा, जो स्वतःहून उघडेल आणि ज्यावरची मिनिटे कमी होत जातील.

मजकूर माणसाच्या भाषेत लिहा. इकडच्या ऑफिसांत मी तो हिंदीत लिहिते, कारण टेबलावरचा माणूस ती वाचतो. मराठीत असा चालेल : 'दहा मिनिटांत प्रोग्राम देखभालीसाठी बंद होईल. हातातली पावती पूर्ण करून सेव्ह करा. नवी पावती सुरू करू नका. साधारण अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होईल. अडचण असल्यास लगेच सांगा.' खाली एका माणसाचे नाव आणि ऑफिसातला फोन. 'सिस्टीम टर्मिनेट होत आहे' असे लिहिले की लोक घाबरून भलतेच बटण दाबतात.

अर्धी पावती

सगळ्यात नाजूक जागा हीच आहे. वेळ संपली, पण एका पडद्यावर अर्धी भरलेली पावती आहे. काय करायचे?

ॲक्सेसला नुसते 'बंद हो' सांगितले, तर तो अर्धी नोंद आपणहून सेव्ह करायला जातो. ऐकायला बरे वाटते. पण समजा कोणी ५००० टाइप करत होते आणि ५० वरच उठून गेले. ५० ही रक्कमही चालण्यासारखीच आहे. ॲक्सेस ती आनंदाने सेव्ह करेल, आणि उद्या सभासद पासबुक घेऊन भांडायला येईल. उलट, एखादा आवश्यक रकाना रिकामा असेल तर सेव्ह होणार नाही. मग एकतर प्रश्न विचारणारी खिडकी अडून बसेल, किंवा नोंद गुपचूप जाईल.

म्हणून माझा नियम : वेळ संपल्यावर पैशाची अर्धी नोंद सेव्ह करायची नाही. लपलेल्या फॉर्मने सगळे उघडे फॉर्म एकेक करून पाहावेत. ज्याची 'डर्टी' ही खूण चढलेली असेल, त्यातला मजकूर आधी एका टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून ठेवावा, मग ती नोंद 'अनडू' करावी, आणि मगच बाहेर पडावे. टेक्स्ट फाइलमध्ये तारीख, वेळ, कॉम्प्युटरचे नावही लिहावे. परत आलेल्या माणसाला प्रोग्राम उघडताना दाखवावे : तुमची ही नोंद झालेली नाही, पुन्हा भरा. कोणावर आळ येण्याची वेळ आली, तर हाच कागद कामाला येतो.

दोन बारकावे. ज्या पावतीत मुख्य फॉर्म आणि त्याच्या आत ओळींचा सबफॉर्म असतो, तिथे ओळींकडे गेल्याबरोबर मुख्य नोंद सेव्ह झालेली असते. मग अनडू फक्त शेवटच्या ओळीला लागू होते, आणि मथळा आहे पण ओळी नाहीत अशी पावती मागे उरते. त्यासाठी पावतीला 'अपूर्ण' अशी खूण आधीपासून ठेवावी आणि बेरीज जुळल्यावरच ती काढावी.

दुसरा बारकावा : व्याज आकारणीसारखे लांब काम चालू असेल तर मध्येच बाहेर काढू नये. असे काम सुरू होताना 'काम चालू' अशी खूण चढवावी, संपल्यावर उतरवावी, आणि लपलेल्या फॉर्मने तिचा मान ठेवावा. सगळी आकारणी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधली असेल तर आणखी चांगले : झाली तर सगळी, नाही तर काहीच नाही.

तरीही एक जण आत राहिलाच तर

आधी फोन करा. मग त्याच्या टेबलाशी जा आणि पडद्यावर काय आहे ते डोळ्यांनी पाहा. विंडोज सर्व्हरवर 'शेअर्ड फोल्डर्स'मध्ये 'ओपन फाइल्स'ची यादी असते आणि तिथून एखाद्याची उघडी फाइल बळाने बंद करता येते. पण हेही तार ओढण्यासारखेच आहे, फक्त एकाच माणसापुरते. त्याचा कॉम्प्युटर अडकून पडला आहे, पडद्यावर काही उरलेले नाही, हे पाहिल्यावरच ते करा, आणि त्याआधी फाइलची प्रत काढून ठेवा.

फाइल हातात आल्यावर

लॉक फाइल गेली, आत कोणी नाही. आता मूळ फाइलची एक प्रत तारखेसह दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. मूळ फाइलचे नाव बदला, म्हणजे कोणाची जुनी पुढची फाइल चुकून जोडली जाणार नाही. काँपॅक्ट करा. मग मोजा : मुख्य टेबलांतल्या नोंदींची संख्या आणि रकमांची बेरीज, आधीची आणि नंतरची. दोन्ही जुळल्या की मूळ नाव परत द्या, स्वतः एक नोंद उघडून पाहा, आणि शेवटी खुणेची फाइल काढा. मोजल्याशिवाय दार उघडू नका. पाच मिनिटे लागतात, पण फरक आज सापडतो, मार्चअखेरीला नाही.

फॉक्सप्रोवाल्यांनी

फॉक्सप्रो अजून चालवणारे बरेच आहेत. मायक्रोसॉफ्टने २००७ साली पुढची आवृत्ती काढणार नसल्याचे सांगितले आणि व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ चा आधारही २०१५ च्या जानेवारीत संपला. तरी प्रोग्राम चालतात. तिथे पुसलेल्या नोंदी खरोखर काढणारा 'पॅक' आणि टेबल 'एक्सक्लुझिव्ह' उघडण्याची अट, हे दुखणे असेच आहे. खुणेची फाइल, टायमर, सूचनेचा फॉर्म हीच पद्धत तिथेही चालते.

एसक्यूएल सर्व्हर, ओरॅकल, पोस्टग्रेएसक्यूएल यांत गोष्ट सोपी असते, कारण लिहिणारे इंजिन सर्व्हरवर असते आणि ते प्रत्येक व्यवहाराचा लॉग ठेवते. जोडणी तोडली तर अर्धा व्यवहार मागे फिरतो, फाइल शाबूत राहते. पण पडद्यावर अर्धी टाइप केलेली पावती तिथेही जातेच. ओरॅकलमध्ये तर 'ट्रान्झॅक्शनल' नावाचा वेगळा शटडाउन आहे, जो चालू व्यवहार संपेपर्यंत थांबतो. एवढ्या मोठ्या डेटाबेसलाही माणसासाठी थांबायची सोय ठेवावी लागली, तर आपण दहा मिनिटे थांबायला हरकत नाही.

तुमच्या ऑफिसला रात्र आहे

२०१९ च्या डिसेंबरात एनईएफटी आणि २०२० च्या डिसेंबरात आरटीजीएस चोवीस तास सुरू झाले. ते पाहून काही संस्थाचालक मला विचारतात, आमचा प्रोग्रामही कधीच बंद पडायला नको, असे करता येईल का? येईल, पण त्याला वेगळे सर्व्हर, वेगळी माणसे आणि वेगळा पैसा लागतो. रेल्वेचे ऑनलाइन आरक्षण रोज मध्यरात्रीच्या सुमारास थोडा वेळ बंद असते. वेळ ठरलेली आहे, म्हणून कोणी तक्रार करत नाही. लोक बंद असण्याला चिडत नाहीत, अचानक बंद पडण्याला चिडतात.

तुमचे ऑफिस सहा वाजता बंद होते. महिन्याचा एक शनिवार ठरवा, कॅलेंडरवर लिहा, साडेपाचला खूण टाका. जो पडदा उघडा ठेवून घरी जातो त्याच्यासाठी लपलेल्या फॉर्ममध्ये आणखी एक सोय करा : तोच फॉर्म, तोच रकाना अर्धा तास हलला नाही तर सूचना, आणि मग बाहेर. लांब शेरा लिहिणारा माणूसही एकाच रकान्यात बसलेला असतो, म्हणून सूचनेवर 'मी आहे' असे बटण ठेवा.

हे सगळे आधी दोन कॉम्प्युटरांवर, फाइलच्या प्रतीवर करून पाहा. एकाने मुद्दाम अर्धी पावती सोडून उठावे. तुमच्या टेक्स्ट फाइलमध्ये ती पावती आली, तर पद्धत तयार झाली. पुढच्या भागात, पुढची फाइल बदलली की ती सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर आपोआप कशी पोचवायची, ते पाहू. भेटू या.